तारणाला दर नाही

माणसाचे तारण देवाच्या कृपेने होते आणि ते विनामूल्य मिळते, हा ख्रिस्ती धर्माचा सगळ्यात मोठा दावा आहे. पण बायबलचा नवा करार वाचायला घेतला, की थोड्याच पानांवर याच्या उलट वाटावे असे सांगणे भेटते. रोममधल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल सार्वकालिक जीवनाला देवाचे दान म्हणतो. येशू मात्र लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो आणि मागे येऊ पाहणाऱ्यांना खर्चाचा हिशेब आधीच करायला सांगतो. घरदार, नाती आणि स्वतःचा जीवही दुय्यम मानावा लागेल, असे बजावतो. मग तारण फुकट आहे की सर्वस्व देऊन मिळवायचे आहे? या प्रश्नावरून पाचव्या शतकात धर्मसभा भरल्या आणि सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातले चर्च दुभंगले. माझ्या मते या दोन शिकवणींत विरोध नाही. किंमत आणि परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर दोन्ही एकाच वेळी खऱ्या ठरतात. किंमत एखादी गोष्ट हाती येण्याआधी मोजावी लागते. परिणाम ती हाती आल्यानंतर सुरू होतो. ख्रिस्ती तारण घेणाऱ्याला किंमत पडत नाही, पण त्याचा परिणाम त्याच्या सगळ्या आयुष्यावर होतो. या दोहोंची गल्लत झाली की चर्च एक तर तारण विकायला लागते, नाहीतर ते स्वस्त करून टाकते. इतिहासात दोन्ही घडले आहे.

पहिला पुरावा लूकच्या शुभवर्तमानातच सापडतो. त्याच्या उत्तरार्धात तीन माणसे येशूला भेटतात. अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो आणि सार्वकालिक जीवन मिळवण्यासाठी काय करू, असे विचारतो. देवाच्या आज्ञा लहानपणापासून पाळत आलो आहे, असेही तो सांगतो. येशू त्याला सगळे विकून गरिबांना वाटायला सांगतो आणि तो खिन्न होतो. एकोणिसाव्या अध्यायात यरीहो शहरात जक्कय भेटतो. तो मुख्य जकातदार आहे, वसुलीच्या पैशावर श्रीमंत झालेला आणि म्हणूनच लोकांच्या मनातून उतरलेला. तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला तयार होतो आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करण्याचा शब्द देतो. तेविसाव्या अध्यायात येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला एक गुन्हेगार आहे. त्याच्यापाशी द्यायला पैसा नाही, सत्कर्म करायला मोकळे हात नाहीत, बाप्तिस्मा घ्यायला वेळ नाही. माझी आठवण ठेव, एवढेच तो मागतो. त्याच दिवशी सुखलोकात असशील, असे वचन त्याला मिळते. तारणाला ठरलेली किंमत असती, तर ती या तिघांनाही सारखीच पडली असती. इथे एकाला सर्वस्व सोडायला सांगितले जाते, दुसरा अर्ध्यावर थांबतो आणि तिसरा काहीच देत नाही. माणसागणिक इतकी बदलणारी मागणी किंमत असू शकत नाही. ज्या गोष्टीने ज्याला धरून ठेवले आहे, तिच्यातून त्याची सुटका करणारी ती हाक आहे. अधिकाऱ्याला संपत्तीने धरले होते, म्हणून त्याला संपत्ती सोडायला सांगितले गेले.

या कथांतला घटनाक्रमही बारकाईने पाहण्यासारखा आहे. जक्कय ज्यावर चढून बसला होता त्या उंबराच्या झाडाखाली येशू आधी थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणतो. लोक कुरकुर करतात. त्यानंतर जक्कय दानाची गोष्ट काढतो. या घराला तारण मिळाले, हे वाक्य दानाच्या शब्दानंतर येते, असा आक्षेप इथे घेता येईल. पण येशू लगेच त्याचे कारण देतो आणि त्यात दानाचा उल्लेखही नाही: हरवलेल्याला शोधायला आणि तारायला आपण आलो आहोत, असे तो सांगतो. पुढाकार शोधणाऱ्याचा आहे. श्रीमंत अधिकारी खिन्न होतो तेव्हाही असेच होते. ऐकणारे विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचे? येशू उत्तर देतो की माणसांना जे अशक्य आहे ते देवाला शक्य आहे. सर्वस्व विकले तरी तारण विकत मिळत नाही, हे त्या उत्तरातच आले. देऊन मिळवता आले असते, तर श्रीमंतांनाच ते सर्वांत सोपे गेले असते.

मग किंमत मुळीच नव्हती का? होती, पण ती देणाऱ्याने सोसली, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली कर्जदाराची गोष्ट इथे उपयोगी पडते. एका चाकराला राजाचे दहा हजार तालंत देणे असते. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते कर्ज कित्येक पिढ्या राबूनही फिटणारे नव्हते. राजा ते सोडून देतो. चाकराला ही माफी फुकट मिळाली, पण दहा हजार तालंतांची तूट राजाच्या खजिन्यात पडलीच. कर्ज माफ होते तेव्हा नुकसान नाहीसे होत नाही. ते कर्जदाराकडून कर्ज देणाऱ्याकडे सरकते. वधस्तंभाविषयी नवा करार हेच सांगतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या प्राणाला पुष्कळांसाठी दिलेली खंडणी म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात सोन्याचांदीने नव्हे तर ख्रिस्ताच्या रक्ताने सुटका झाल्याचे म्हटले आहे. एकच गोष्ट घेणाऱ्याला विनामूल्य आणि देणाऱ्याला अतिशय महाग असू शकते.

इथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो आणि तो ख्रिस्ती विचारवंतांनीच सगळ्यांत आधी विचारला. ही खंडणी दिली कोणाला? चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने सैतानाला ती दिली असे मानायला नकार दिला, कारण लुटारूला त्याच्या लुटीचा मोबदला देणे त्याला पटेना. आणि पुत्राच्या रक्ताने पित्याला संतोष व्हावा, हेही त्याला मान्य नव्हते. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने पापामुळे भंगलेल्या न्यायाची भरपाई म्हणून वधस्तंभाकडे पाहिले. पुढच्या शतकात पीटर अबेलार्डने देवाचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, यावर भर दिला. या मांडण्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि चर्चने सगळ्यांवर बंधनकारक होईल असे एकच स्पष्टीकरण कधी ठरवले नाही. पण क्षमा करणारा क्षमेचा भार स्वतः उचलतो, हे सूत्र त्या साऱ्यांत आहे. देव प्रेमळ असेल तर त्याने नुसते सोडून का दिले नाही, या आक्षेपाचे उत्तरही यातच मिळते. ज्या क्षमेत कोणालाच काही सोसावे लागत नाही, ती अन्यायाकडे केलेली डोळेझाक असते; ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तिच्यात न्याय दिसत नाही.

तारण विकत घेण्याचा मोह मात्र ख्रिस्ती इतिहासात पहिल्या पिढीपासून आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैसे देऊन मागतो आणि पेत्र त्याला कडक शब्दांत झिडकारतो. पाचव्या शतकाच्या आरंभी वाद जास्त सूक्ष्म झाला. रोममध्ये शिकवणाऱ्या पेलागियसला ख्रिस्ती लोकांच्या शिथिल वागण्याची चीड होती. माणूस इच्छाशक्तीच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या तळमळीत खोट नव्हती. पण हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने विचारले, की माणसाची इच्छाच मुळात आजारी असेल तर ती स्वतःला बरे कशी करणार? ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. ५२९ मध्ये ऑरेंज येथील सभेने तर विश्वासाची पहिली ओढदेखील कृपेतूनच येते, असे ठरवले. पुष्कळांना पडणाऱ्या एका शंकेचा उलगडा इथे होतो: विश्वास ठेवण्याची अट आहे, मग तीच किंमत झाली नाही का? ऑगस्टीनच्या मते विश्वासही दिलेलाच असतो. आणि तो नुसते घेणेच मानला, तरी घेणाऱ्याने घेतले म्हणून देणाऱ्याचे दान विक्री ठरत नाही.

दान विक्रीत कसे बदलते, हे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत उघड दिसले. ब्रांडेनबुर्गच्या अल्ब्रेख्टला एकापेक्षा जास्त बिशपपदे हवी होती. माइन्झच्या आर्चबिशपपदासाठी रोमला भरायची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फिटावे म्हणून त्याच्या प्रदेशांत पापक्षमापत्रे देण्याची परवानगी मिळाली. निम्मे उत्पन्न रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मे फुगरांच्या कर्जाला, अशी वाटणी ठरली. योहान टेट्झेल हा डोमिनिकन संन्यासी गावोगाव प्रचार करत फिरला. ऐपतीप्रमाणे रकमा ठरल्या होत्या. ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांनी प्रार्थना व उपास करावेत, अशी सोय होती. चर्चची अधिकृत शिकवण या पत्रांनी पापाची क्षमा मिळते अशी नव्हतीच. आधी क्षमा झालेल्या पापाचा जो ऐहिक किंवा शुद्धिस्थानातला दंड उरतो, त्यात सूट मिळते, एवढेच ती सांगत होती, आणि हा फरक न्यायाने नोंदवायला हवा. पण बाजारात पेटी मांडून बसलेल्याला तो फरक सांगण्यात रस नव्हता आणि मेलेल्या आईबापांच्या काळजीने नाणी टाकणाऱ्याला तो कळत नव्हता. ज्या क्षणी पैसा आणि क्षमा शेजारी ठेवली गेली, त्या क्षणी लोकांच्या मनात एक दुसरीची किंमत झाली.

विटेनबर्गचा प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी पंच्याण्णव मुद्दे पुढे केले ते याच संतापातून. पापक्षमापत्र घेण्यापेक्षा गरिबाला मदत करणे श्रेष्ठ आहे, असे त्याने त्यांत म्हटले. रोमन कॅथलिक चर्चनेही पुढे घर साफ केले. दान गोळा करत फिरणाऱ्या प्रचारकांचे पदच १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने रद्द केले, आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाच्या व्यवहाराशी जोडलेल्या दंडमाफ्या रद्द केल्या. ट्रेंटनेच १५४७ मध्ये असेही ठरवले होते, की माणूस नीतिमान ठरण्याआधीची त्याची कोणतीही कृती ती कृपा कमावू शकत नाही. म्हणजे सुरुवात विनामूल्य आहे, यावर दोन्ही बाजू सहमतच होत्या. पुढच्या वाटचालीत माणसाच्या सहकार्याला आणि पुण्याईला काय स्थान, यावर भांडण होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने स्वीकारला जातो आणि त्यानंतर सत्कर्मांसाठी समर्थ होतो, असा तिचा आशय आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटना तिच्यात सामील झाल्या. सारे मतभेद मिटलेले नाहीत, पण चारशे-साडेचारशे वर्षांच्या बहिष्कारानंतर या मुद्द्यावर एकत्र सही होणे ही साधी घटना नाही.

आता सगळ्यांत जुना आक्षेप पाहू. तारण फुकट असेल तर माणसाने चांगले का वागावे? कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, असा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आणि ठामपणे नाकारला. बाप्तिस्म्यात जुना माणूस मेला, मग त्याच जुन्या आयुष्यात पुन्हा राहायचे कसे, असे त्याचे उत्तर आहे. कर्जदाराच्या गोष्टीचा शेवटही हेच सांगतो. दहा हजार तालंत माफ झालेला तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजा त्याला तुरुंगात टाकतो. माफीची परतफेड केली नाही, हा त्याच्यावरचा आरोप नाही. मिळालेल्या माफीने त्याच्यात काहीच बदलले नाही, हा आहे. विसाव्या शतकात डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने हाच आरोप आपल्या चर्चवर ठेवला. १९३७ मध्ये निघालेल्या ‘नाखफोल्गं’ या पुस्तकात त्याने स्वस्त कृपा आणि महाग कृपा असा भेद केला. ल्यूथरच्या नावाने कृपेचे गोडवे गाणारी मंडळीच हिटलरच्या राजवटीला शरण जात होती. क्षमा सगळ्यांना जाहीर झाली होती, आज्ञापालन कोणाकडूनच अपेक्षित नव्हते. त्याच वर्षी गेस्टापोने फिंकेनवाल्डे येथील त्याचे प्रशिक्षणकेंद्र बंद केले. १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी. त्याने तारणासाठी प्राण मोजले, असे तो स्वतः कधीच म्हणाला नसता. ज्या कृपेसाठी देवाला पुत्राचा जीव द्यावा लागला ती आपल्याला स्वस्त वाटू शकत नाही, हे त्याचे म्हणणे होते, आणि तो त्या म्हणण्याप्रमाणे जगला.

दुसरा आक्षेप पवित्र शास्त्रातूनच येतो. याकोबाच्या पत्रात कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असे म्हटले आहे, आणि ल्यूथरलाही ते पत्र इतके अडचणीचे वाटले की त्याने १५२२ मध्ये त्याची किंमत गवताइतकी केली. पण पौल आणि याकोब दोघेही उदाहरण अब्राहामाचेच देतात, आणि ते त्याच्या आयुष्यातल्या कोणत्या वेळेचा मुख्य आधार घेतात हे पाहिले की गुंता सुटतो. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. तेव्हा सुंताही झालेली नव्हती, ती सतराव्या अध्यायात येते. याकोब बाविसाव्या अध्यायात जातो, जिथे अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला निघतो. मधे कित्येक वर्षे गेलेली आहेत. याकोब म्हणतो की त्या कृतीने आधीचा विश्वास पूर्णत्वाला गेला. पौल आरंभाविषयी बोलतो आणि याकोब फळाविषयी. फळ न देणाऱ्या विश्वासाला याकोब विश्वास मानत नाही, आणि गलतीकरांस लिहिताना पौलही प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासालाच महत्त्व देतो.

मराठी वाचकाला या परिणामाचा अर्थ आपल्याच इतिहासातून कळतो. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला. त्यापायी झालेली ताटातूट त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि त्यांच्या संसाराची काही वर्षे वाताहत झाली. ते दुःख त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या मोकळेपणाने मांडले आहे त्याला मराठीत तोड नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये सरकारला खास कायदा करावा लागला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. हा सगळा खर्च खरा आहे, पण तो देवाने तारणासाठी मागितलेला नाही. माणसांनी आणि समाजाने वसूल केलेला आहे. पंडिता रमाबाईंची साक्ष इथे विशेष मोलाची वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो कित्येक वर्षांनी, त्याच्यापुढे स्वतःला रिकाम्या हातांनी सोपवल्यावर भेटला. त्यानंतर दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली व स्त्रियांसाठी केडगावची मुक्ती संस्था आणि मूळ हिब्रू-ग्रीकमधून मराठीत बायबल आणण्याचे अखेरपर्यंत चाललेले काम. रिकाम्या हातांनी घेतलेल्या गोष्टीने हातांना जन्मभराचे काम दिले. ते काम तारण मिळवण्यासाठी होते असे मानले, तर रमाबाईंचे आयुष्यच उलटे वाचल्यासारखे होईल.

म्हणून निवाडा स्पष्ट द्यायला हरकत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तारण घेणाऱ्याला विनामूल्य आहे, कारण त्याची किंमत मोजणे कोणाच्याच आवाक्यातले नाही आणि ती देवाने सोसली आहे. त्याच कारणाने ते आयुष्य जसेच्या तसे ठेवूही देत नाही. ज्या उपदेशकाने आशीर्वादाच्या बदल्यात देणगी मागितली, मग तो भव्य मंचावरचा असो की घरगुती प्रार्थनासभेतला, तो शिमोनाच्या वाटेने चालला आहे. ज्याने कोणाला धर्मात आणण्यासाठी पैशाचे आमिष दाखवले, त्यानेही तारणाचा सौदाच केला. आणि क्षमा झाली आहे, तेव्हा मजुराची मजुरी, बायकोची अवहेलना, जातीचा अहंकार यांत काही बदलायची गरज नाही असे ज्याने सुचवले, त्याने तारण दिलेच नाही. तारणाची गोष्ट तुमच्यापुढे कोणी मांडली, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला हे आजच्या आज मिळेल का? आणि मिळाल्यावर त्याचा शेजारी ते ओळखू शकेल का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी नसेल, तर तो जे देतो आहे ते नव्या करारातले तारण नाही.